बचतीसाठी महिन्याचं बजेट कसं बसवायचं : आधी वर्षाची यादी, मग महिन्याचा हिशेब

मोठ्या उमेदीने सुरू केलेली आर. डी. (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव) जूनमध्ये मोडली, असं सांगणारी माणसं मला दर वर्षी भेटतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "घरखर्चच आवाक्यात राहत नाही हो." मग वही घेऊन बसलं की दिसतं, घरखर्च जागच्या जागी आहे. किराणा तेवढाच, दूध तेवढंच. घाव घातलेला असतो तो शाळेच्या फीने, विम्याच्या हप्त्याने, वर्षाच्या धान्याने आणि चटणीने. हे खर्च दर महिन्याला येत नाहीत, पण दर वर्षी नेमाने येतात, आणि महिन्याच्या बजेटात त्यांना जागाच दिलेली नसते.

म्हणून पुढचा क्रम पाळा. आधी वर्ष, मग महिना, मग उद्दिष्ट, आणि काटछाट सगळ्यात शेवटी. बहुतेक जण काटछाटीपासून सुरुवात करतात. रविवारचं मटण बंद, बाहेरचा वडा बंद, आणि तीन महिन्यांत घर वैतागतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक घर धरू. सांगलीत विश्रामबागेला राहणारं जोडपं, शाळेत जाणारी दोन मुलं. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत, हातात पगार ३४,००० रुपये. बायको घरी शिवणकाम करते. त्याचे महिन्याला कधी ४,००० येतात, लग्नसराईत ९,००० सुद्धा. १८ महिन्यांत ९०,००० रुपये जमवून कर्ज न काढता स्कूटर घ्यायची, हा त्यांचा बेत. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच राहील.

बसण्याआधीची तयारी

रविवारची सकाळ मोकळी ठेवा. घरात जो जो खर्च करतो तो प्रत्येक जण बसायला हवा. एकट्याने केलेलं बजेट दुसऱ्याला माहीतच नसतं, मग ते पाळणार कोण? हे समोर घ्या:

- बँकेचं गेल्या १२ महिन्यांचं स्टेटमेंट किंवा भरून आणलेलं पासबुक
- यूपीआय ॲपमधली देवघेवीची यादी
- किराणा दुकानाची उधारीची वही, दुधाचे खाडे मांडलेलं कॅलेंडर
- फी, विमा, घरपट्टी, पाणीपट्टी यांच्या गेल्या वर्षीच्या पावत्या
- चालू हप्त्यांची यादी : रक्कम, तारीख, किती हप्ते उरले
- एक शंभर पानी वही

ॲप वापरलं तरी हरकत नाही. पण पहिल्यांदा वहीच घ्या, कारण ती सगळ्यांना एकदम दिसते.

*सावध :* पासबुकात "एटीएम ५,०००" अशी नोंद दिसली की ती खर्च म्हणून मांडू नका. ते नुसते खिशात आलेले पैसे आहेत. पुढे ते कुठे गेले, हे शोधायचं काम टप्पा ३ मध्ये आहे.

टप्पा १ : हातात येणारा पैसा, तोही कमीत कमी धरून

पगारपत्रकावरचा वरचा आकडा विसरा. भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि सोसायटीचा हप्ता कापून खात्यात जे पडतं तेच उत्पन्न. व्यवसाय कर लागू असणाऱ्यांचे एरवी महिन्याला २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००, तेव्हा फेब्रुवारीत पगार शंभराने कमी दिसला तर गोंधळू नका.

कमी-जास्त होणाऱ्या मिळकतीचा सगळ्यात कमी महिना धरा. आपल्या उदाहरणात शिवणकामाचे ४,०००. म्हणजे पायाचं उत्पन्न ३८,०००. ओव्हरटाइम, बोनस, लग्नसराईतलं जादा शिवण हे सगळं पायात धरायचं नाही. त्याची सोय पुढे आहे.

गावी शेती असेल तर उसाचं बिल आणि हळदीची पट्टी यांनाही हाच नियम. खात्यात जमा झाल्याशिवाय तो पैसा वहीत आणायचा नाही. "बिल पडलं की भागवू" या भरवशावर केलेली खरेदी हीच पुढे सोनेतारण कर्ज होऊन बसते.

टप्पा २ : वर्षाची यादी

या टप्प्याला घाई करू नका. तासभर लागला तरी लागू द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

वहीच्या एका पानावर बारा महिने लिहा आणि एकेका महिन्यापुढे आठवा, या महिन्यात काय येतं? फेब्रुवारी-मार्चमध्ये विमा, घरपट्टी. एप्रिल-मे म्हणजे गावची यात्रा, लग्नातले आहेर, वर्षाचा गहू, ज्वारी, डाळ, आणि चटणी. आपल्याकडे वर्षाची चटणी हा मोठा खर्च आहे, पण तो वहीत क्वचितच दिसतो. मिरच्या वेगळ्या आणल्या, खोबरं आणि गरम मसाला दुसऱ्या दिवशी, कांदा-लसूण तिसऱ्या दिवशी, शेवटी डंकावर कांडपाचे पैसे. चार ठिकाणी, चार वेळा दिलेले पैसे "चटणी" या नावाने कुणाच्या ध्यानातच राहत नाहीत. त्यातच पापड, शेवया, कुरडया. ते संपेपर्यंत जून उजाडतो आणि वह्या, पुस्तकं, गणवेश, फी सगळं एकदम दारात उभं राहतं. पुढे गणपती-गौरी, दसरा, दिवाळी, दुसऱ्या सत्राची फी.

आपल्या उदाहरणातल्या घराची यादी अशी निघाली:

- शाळेची फी, दोन सत्रांची : १८,०००
- वह्या, पुस्तकं, गणवेश, दप्तर : ६,०००
- धान्य, चटणी, उन्हाळी काम : १४,०००
- दिवाळी : १४,०००
- गणपती-गौरी : ४,०००
- विम्याचा हप्ता : ९,६००
- दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग : ४,४००
- घरपट्टी, पाणीपट्टी : ४,०००
- आहेर : ६,०००
- गावची यात्रा : ४,०००

एकूण ८४,०००. भागिले १२ म्हणजे महिन्याला ७,०००. दोघं नवरा-बायको या आकड्याकडे बघतच राहतात. एवढे पैसे दर वर्षी जातच होते. फक्त ते कधी हातउसने, कधी क्रेडिट कार्ड, कधी बांगड्या गहाण ठेवून गेले, म्हणून एका जागी कधी दिसले नाहीत.

*पडताळा :* यादी झाली की पासबुकात ३,००० च्या वरच्या सगळ्या नोंदींवर बोट फिरवा. प्रत्येक नोंद या यादीत किंवा महिन्याच्या खर्चात सापडली पाहिजे. एखादी सापडली नाही तर यादीत भर घाला.

टप्पा ३ : तीस दिवस नुसतं लिहा

एक महिना काही बदलायचं नाही. जे चाललंय ते चालू द्या, फक्त रोज रात्री लिहा. लिहायला लागलं की लाजेने खर्च कमी करायचा मोह होतो, तो टाळा. खोटा आकडा हातात आला तर पुढचं बजेटही खोटंच होणार.

आपल्या घराचा महिना : गृहकर्जाचा हप्ता ८,०००, किराणा ५,०००, दूध २,४००, भाजी-फळं-अंडी-मटण ३,४००, गॅस आणि वीज २,२००, मोबाईल-नेट ९००, पेट्रोल २,५००, मुलांचा क्लास १,५००, औषधं ७००, गावी आई-वडिलांना २,०००, फ्रिजचा हप्ता १,५००, वरखर्च २,५००. एकूण ३२,६००.

३८,००० मधून ३२,६०० गेले, उरले ५,४००. याच जागी बहुतेक घरं फसतात. ५,४०० उरतात म्हणून ५,००० ची आर. डी. काढली जाते, १८ महिन्यांत ९०,००० होणार असं कागदावर चोख बसतं, आणि जूनमध्ये फी भरताना ती मोडावी लागते. महिन्याला ७,००० ची वर्षाची यादी त्या ५,४०० मध्ये कुणी मोजलेलीच नसते.

टप्पा ४ : उद्दिष्टाच्या आधी आडवेळेचे पैसे

उद्दिष्ट लिहिताना तीन गोष्टी लिहा : रक्कम, तारीख, आणि तारीख पुढे ढकलता येते का. स्कूटर सहा महिने उशिरा आली तर चालते. मुलीच्या प्रवेशाची तारीख ढकलता येत नाही. ही तिसरी गोष्ट टप्पा ६ मध्ये कामाला येते.

पण त्याआधी आडवेळ. किमान एका महिन्याचा खर्च बचत खात्यात हात न लावता पडून असायला हवा, आणि पुढे तो हळूहळू तीन महिन्यांवर न्यायचा. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी घरादारांत, दुकानांत शिरलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. अशा वेळी सामान हलवायला टेम्पो, चार दिवस दुसरीकडे राहणं, घर धुऊन काढणं, सगळं रोखीने होतं. मुदतीत अडकलेला पैसा त्या दिवशी उपयोगी पडत नाही.

आपल्या घराकडे बचत खात्यात २०,००० आहेत. "ते स्कूटरला जोडले तर ७०,००० च जमवायचे राहतील," हा विचार हमखास येतो. जोडू नका.

*सावध :* क्रेडिट कार्डची थकबाकी असेल तर नवी बचत सुरू करण्याआधी ती संपवा. कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज धरलं तरी वर्षाचे ३६ टक्के होतात. आर. डी. वर त्याच्या पाव हिस्साही मिळत नाही. आणि "किमान रक्कम" भरली म्हणजे व्याज थांबलं, असं होत नाही.

टप्पा ५ : फरक काढा

वर्षाच्या यादीसाठी ७,००० आणि स्कूटरसाठी ५,०००, मिळून १२,००० हवेत. हातात ५,४००. तूट ६,६००.

हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याभोवती गोल करा. आता काटछाटीला हात घालायचा.

टप्पा ६ : तूट भरून काढा, याच क्रमाने

*पहिलं, नक्की येणारी जादा रक्कम.* दर वर्षी मिळतोच असा १२,००० चा बोनस आहे. तो वर्षाच्या यादीला लावला की महिन्याचे १,००० वाचले. तूट ५,६००.

*दुसरं, वर्षाची यादी.* दिवाळीचे ३,०००, यात्रेचे १,०००, आहेराचे १,०००, आणि गेल्या वर्षीचं दप्तर धड असल्यामुळे १,०००. सहा हजार म्हणजे महिन्याला ५००. तूट ५,१००. रोजच्या जेवणात काही न बदलता एवढं निघतं, म्हणून हे आधी.

*तिसरं, महिन्याचा खर्च.* इथे सगळ्यातून थोडं थोडं कापू नका, त्यातून काहीच टिकत नाही. दोन-तीन जागा शोधा. या घरात वर्षाचा गहू भरलेला असताना मॉलमधून आट्याची पिशवीही येत होती. ती थांबली आणि बाकी किराणा यादी करून आणला, ६०० कमी झाले. मंडई, क्लास आणि बँक अशा तीन फेऱ्या वेगवेगळ्या व्हायच्या, त्या एकत्र केल्या, पेट्रोलचे ५०० वाचले. मोबाईलचा प्लॅन बदलून २००. वरखर्चातून ८००. एकूण २,१००, तूट ३,०००.

औषधं, आरोग्य विम्याचा हप्ता, मुलांचं दूध आणि गावी आई-वडिलांना जाणारे पैसे यांना हात लावू नका. गावाकडचे दोन हजार "या महिन्यात राहू दे" म्हणून थांबवले की त्यांचंही बजेट तुम्ही मोडता, आणि ते कधी बोलून दाखवणार नाहीत.

*चौथं, संपत आलेले हप्ते.* फ्रिजचे चार हप्ते उरलेत. पाचव्या महिन्यापासून १,५०० मोकळे होतील. ते आत्ताच वहीत उद्दिष्टाच्या नावावर मांडून ठेवा. नाहीतर हप्ता संपायला आणि नवा मोबाईल घरात यायला गाठ पडते.

*पाचवं, तारीख.* एवढं करून स्कूटरला पहिले चार महिने २,००० आणि नंतर ३,५०० मिळतात. ९०,००० व्हायला १८ ऐवजी २८ महिने लागतील. हे मान्य करणं जड जातं, पण २८ महिने टिकणारी बचत सहाव्या महिन्यात मोडणाऱ्या बचतीपेक्षा केव्हाही बरी. तारीख ढकलता येत नसेल, तर आता उत्पन्न वाढवायचा विचार करायचा किंवा रक्कम कमी करायची. जेवणखाण आवळायला जाऊ नका.

*सहावं, शिवणाचे जादा पैसे.* ४,००० च्या वर आलेल्यातला निम्मा भाग उद्दिष्टाला, निम्मा घराला. घराला काही मिळालं नाही तर जादा काम करायची उमेद राहत नाही. मात्र पहिल्या जूनपर्यंत या पैशांना दुसरं काम आहे, ते पुढे येतं.

*पडताळा :* नवा महिना ३०,५००, वर्षाच्या यादीला ५,५००, उद्दिष्टाला २,०००. बेरीज ३८,०००. तुमची बेरीज पायाच्या उत्पन्नापेक्षा एक रुपयाही जास्त येत असेल तर मागे जा.

टप्पा ७ : पहिल्या वर्षाचा खड्डा

ही चूक आकडेमोडीत हुशार असणारेही करतात. वर्षाच्या यादीला बाराने भागलं, पण खर्च बारा महिन्यांत सारखा पसरलेला नसतो. डिसेंबरात सुरुवात केली तर जूनअखेर सात महिन्यांचे ३८,५०० जमतात. तेवढ्यात विमा ९,६००, घरपट्टी-पाणीपट्टी ४,०००, यात्रा ३,०००, धान्य-चटणी १४,०००, लग्नसराईतले आहेर ४,०००, पहिल्या सत्राची फी ९,००० आणि वह्या-गणवेश ५,००० एवढं देऊन झालेलं असतं. एकूण ४८,६००. खड्डा १०,१००.

म्हणून पहिल्या जूनपर्यंत शिवणाचे सगळे जादा पैसे वर्षाच्या खात्यात टाका. लग्नसराई नेमकी याच काळात असते, हे बरंच आहे. महिन्याला सरासरी २,००० जादा मिळाले तरी १४,००० होतात आणि खड्डा भरतो. जुलैपासून निम्म्याचा नियम लावला तर स्कूटर २८ ऐवजी साधारण २३ व्या महिन्यात येते.

सुरुवात करायला दिवाळीनंतरचा महिना सगळ्यात चांगला. एप्रिलमध्ये सुरू करणाऱ्याला तयारीला वेळच मिळत नाही.

टप्पा ८ : पैसे कुठे आणि कुठल्या तारखेला

तीन जागा वेगळ्या हव्यात : घरखर्चाचं खातं, वर्षाच्या यादीचं बचत खातं, आणि उद्दिष्टाची आर. डी. वर्षाच्या खात्याचं एटीएम कार्ड आणि यूपीआय फोनला जोडू नका. पगार ७ तारखेला होत असेल तर दोन्ही रकमा ८ ते १० च्या दरम्यान आपोआप वळत्या होतील अशी सूचना बँकेत द्या. कर्जाच्या हप्त्याची तारीखही पगारानंतरचीच हवी. पगाराआधी, ५ तारखेला लावलेला हप्ता खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेला की बँकेचा दंड, वर कर्ज देणाऱ्याचाही दंड.

पोस्टाची आर. डी. चांगली, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षं झाल्याशिवाय मुदतीआधी बंद करता येत नाही. दोन-अडीच वर्षांच्या स्कूटरसाठी ती निवडू नका, हव्या त्या मुदतीची बँकेची आर. डी. घ्या. पोस्टात काढलीच तर खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं असेल तर पुढचे हप्ते १५ च्या आत आणि नंतर उघडलं असेल तर महिनाअखेरच्या आत भरावे लागतात. चुकल्यास दर शंभरामागे महिन्याला १ रुपया दंड.

शिवणकामासारख्या रोजच्या मिळकतीला पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी रक्कम भरायची ठेव, सोयीची पडते, कारण एजंट दारात येतो. सुरू करण्याआधी मुदतीच्या आत मोडली तर किती कापणार हे विचारा आणि पावती रोजच्या रोज बघा.

*सावध :* बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, दर बँकेमागे दर ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. एक-दोन टक्के जादा व्याजासाठी उद्दिष्टाचा सगळा पैसा एका पतसंस्थेत ठेवू नका. आपल्या भागात ठेवी अडकून म्हातारपणी चकरा मारणारी माणसं मी पाहिली आहेत. भिशीचंही तसंच. नंबर कधी लागेल हे हातात नाही, आणि मधेच कुणी हप्ते थांबवले तर दाद मागणं अवघड.

टप्पा ९ : महिना चालवताना इशारा पातळी

आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ वर धोका पातळी. नदीकाठची माणसं ४५ ची वाट बघत नाहीत, चाळिशीलाच सामान माळ्यावर चढवतात. बजेटात तसंच करा. किराणा, भाजी, पेट्रोल आणि वरखर्च या चारच बाबींपुढे दोन आकडे लिहा. किराणा ४,४०० असेल तर २० तारखेच्या आत ३,५०० खर्च झाले की इशारा. त्या दिवसापासून नवी वस्तू यादीत लिहायची, आणायची नाही. ४,४०० संपले तर जादा लागणारी रक्कम वरखर्चातून घ्यायची, वर्षाच्या खात्यातून कधीच नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी वीस मिनिटं बसा. कुठली बाब सलग तीन महिने ओलांडली, एवढंच बघा. एकदा ओलांडली तर सोडून द्या, पाहुणे आले असतील. तीनदा ओलांडली तर तो आकडाच चुकीचा ठरवला गेलाय. तो वाढवा आणि दुसरीकडून तेवढेच कमी करा, म्हणजे बेरीज ३८,००० वरच राहील.

एखाद्या महिन्यात आर. डी. चा हप्ता भरता येणारच नाही असं दिसलं तर आधी बँकेत जाऊन विचारा. एक हप्ता चुकला म्हणून अख्खी आर. डी. मोडायची गरज बहुतेक वेळा नसते, थोडा दंड भरून ती चालू ठेवता येते. पगारवाढ झाली की पहिल्याच महिन्यात वाढीचा निम्मा भाग वळता करा. आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर्षाच्या खात्याचं पासबुक भरून आणा, जूनच्या फीची रक्कम त्यात आहे का ते बघा. कमी असेल तर उन्हाळी कामाची उरलेली खरेदी थांबवायला अजून तीन आठवडे हातात असतात.